म्हाळाच्या दिवशीचं टेंडर

कोल्हापूरची एसटी कधी वेळेवर आली असं गावात कोणाला आठवत नसे. पण ज्या दिवशी ती उशिरा यावी असं मथुरेला मनापासून वाटत होतं, नेमकी त्याच दिवशी ती वेळेवर आली. चुलीवर कढई तापली होती, काळ्या वाटाण्याचं सांबारं उतरवून झाकून ठेवलं होतं, पहिले दोन वडे तेलात फुगले होते, आणि बाहेर घरापुढच्या खळ्यात सदानंद पायांवर पाणी घेत होता. हा भाऊ पाय चोळून धुतो की नुसतं पाणी ओततो, यावरून मथुरेला त्याच्या मनातलं कळायचं. आज तो नुसतं ओतत होता.

तोंडवळकरांच्या घरात पितृपक्षातल्या बापाच्या म्हाळाला, म्हणजे श्राद्धाला, तिन्ही भावांनी हजर राहायचं, मग बाहेर काहीही जळत असो. थोरला भाई घरचाच. देवळात आणि घरात गाऱ्हाणं घालायचं काम त्याचं, आणि ते घालून झालं की उरलेलं वर्ष तो फारसा बोलत नसे. धाकटा लवू चिरेखाणीवरून सकाळीच येऊन गवत काढलेल्या परसात पितरांच्या नैवेद्याची वाडी ठेवायची जागा सारवून मोकळा झाला होता. उरला होता मधला, सदानंद, सरकारी परवान्याचा ठेकेदार. नगरपालिकेच्या नळयोजनेचं टेंडर तोच भरणार होता, आणि भरायला उद्या दुपारपर्यंतचीच मुदत होती.

"भाई, टेंडर भरूचां नाय," ओटीवर टेकता टेकता सदानंदाने सांगून टाकलं.

भाई केळीची पानं पुसत होता. तो पुसतच राहिला. "कित्याक?"

"कित्याक काय? जूनात सरकारान रुपयाची किंमत उतरवल्यान तेवापासून बाजारात जावन बघा. शिसां दीडपट झालां. बिडाच्या पायपांचो सकाळचो भाव सांजेक नसता. सिमेंटवालो तर तोंड बघून भाव सांगता. शिमग्यात मी जो हिशेब केललंय तो आता चुलीत घालूच्या लायकीचो."

"मगे वाडवून भर," लवू म्हणाला. वाढवण्यात त्याचं काही जाणार नव्हतं.

"वाडवून कोणाक देव? मंजूर रकमेच्या वर आकडो गेलो की योजना रद्द. सरकारचो पैसो परत. कोल्हापूरचे दोघे मोठे ठेकेदार बाजूक झाले. एक ऱ्हवलो आसा तो भरतलो, पण तेचो आकडो आयकान अध्यक्ष खुर्चयेवरसून पडतले."

सदानंदाची बायको शुभदा तांब्यात पाणी घेऊन बाहेर आली. ती नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. शिमगा सरला की तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुली विहिरींवर रांगेत उभ्या असत आणि उरलेल्या अर्ध्या रांगेतून आल्यामुळे पेंगत असत. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी तोवर मचूळ झालेलं असे. ही योजना नवऱ्याने करावी म्हणून तिने दोन वर्षं त्याच्या मागे भुणभुण लावली होती. तिने तांब्या जरा जोरातच खाली ठेवला.

"आणि दुसरां," सदानंदाने आवाज खाली केला. तो खाली केला म्हणूनच मथुरेने आतून कान दिला. "रेडीचे शंकरशेट फाल्या येतले. तेंका बार्ज दुरुस्तीक लावूक खाडयेर जागा होयी. भट्टीची जागा तेंका पसंत आसा. मी व्हय म्हटलंय."

मथुरा झारा हातात घेऊन तशीच बाहेर आली. झाऱ्यातून तेल ठिबकत होतं.

"कोणाक इचारून व्हय म्हटलंस?"

"आक्का, तू आधी आयक."

"मी आयकलंय. आता तू आयक. ती भट्टी बापाशीन माज्या हाती दिल्यान."

दिली होती हे खरंच. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं घेऊन मथुरा माहेरी परत आली तेव्हा बापाने तिला महिनाभर रडू दिलं, आणि मग हाताला धरून खाडीवरच्या चुन्याच्या भट्टीवर नेऊन उभं केलं. शिंपले आणि खुबे कसे रचायचे, नारळाची सोडणं कुठे भरायची, आच कधी सोडायची, सगळं तिथेच शिकली. बाप गेला, भाऊ आपापल्या वाटेने गेले, पण भट्टी तिने विझू दिली नव्हती. तिच्या आयुष्यात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

"आक्का, गेल्या पावसापासून चुनो कितको इकलंस?" सदानंदाने विचारलं. तो दुष्टपणाने विचारत नव्हता, म्हणून जास्त लागलं.

भिंती सिमेंटच्या, गिलावा सिमेंटचा. पानाला लावायला लागतो तेवढाच काय तो चुना गावात उरला होता.

"सदाचां बरोबर आसा गो," लवू मध्येच बोलला. "शंकरशेट माका थय मुकादम करतलो म्हणालोहा."

"अरे वा, म्हणजे तुमचां आधीच ठरलां," शुभदा म्हणाली. "बहिणीची जागा जातली आणि भावाक नोकरी मेळतली."

लवूने नजर परसाकडे वळवली. बोलाचाली वाढत चालल्या की त्याला परसात काहीतरी दिसायचं.

मथुरेला राग आला की ती विचार न करता बोलत असे, आणि मग त्या बोलण्याला चिकटून बसत असे. ती म्हणाली, "सिमेंट महाग झालां म्हणान रडतंस मां? मगे बांद टाकी चुन्यात."

सदानंद हसला. "पायांवरची टाकी चुन्यात?"

"पाय कित्याक होये? डोंगरावयलो सडो काय कमी उंच आसा? बापाशीन देवळामागची तळी बांदल्यान, ती काय पायांवर उबी आसा? मे म्हयन्यात सुदीक तिचां पाणी आटाक नाय."

"आणि इतके चिरे सड्यार चडवतलो कोण?" आता लवूला राहवेना. दगडाची गोष्ट निघाली की तो भांडण विसरे. "ती चडण चडान बैलांचो जीव जायत. त्यापरास थयच खणा आणि थयच काडा. आख्खो सडो जांब्याचोच तर आसा."

"आणि खणून जो खड्डो पडात तेचां काय करतलास?" शुभदाने विचारलं.

"काय करूचां? खड्डो तो खड्डो."

"तोच टाकी होतलो मां," शुभदा सावकाश म्हणाली. "अर्धी टाकी जमनीत. वरची भिंत तेतूरसून काडलेल्या चिऱ्यांची. दगड खंय न्हेवक नुको, लोखंड नुको, पाय नुको."

आत कढईतला वडा करपल्याचा वास आला, पण उठलं कोणी नाही. पाइप आणि शिसं यांच्या भावापुढे कोणाचंच काही चालणार नव्हतं. वाचवायचं तर टाकीतच वाचवता येणार होतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला एकदमच कळलं. लवू तर असा सरसावून बसला की जणू शंकरशेट हे नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"अवो, तुमीच सांगलेलास," शुभदा नवऱ्याला म्हणाली, "टाकीचो आराखडो ज्येचो तेना देवचो, अशी अट आसा म्हणान."

"आसा. पण चुन्याचो आराखडो माज्या सहीन जावचो नाय." सदानंद उठून उभा राहिला. "लोक काय म्हणतले? कोल्हापुरात शिकान इलो आणि परत खुबे भाजूक लागलो?"

मथुरेला त्याचं दुखणं ठाऊक होतं. शाळेत पोरं त्याला 'चुन्या' म्हणून चिडवायची, आणि हा घरी येऊन हात घाशीत बसायचा. खोबरेल लावून ते हात तिनेच पुसून दिले होते. तिला आता त्याचा राग यावा की कीव यावी हेच कळेना.

"आणि पक्षात नवां काम कोण अंगार घेता काय?" सदानंदाने शेवटचा घाव घातला. "बापाशीचो म्हाळ आज, आणि फाल्या टेंडर. घरात आजपर्यंत असां कधी झालां काय?"

हे मात्र खरं होतं. पितरांच्या पंधरवड्यात तोंडवळकर साधी केरसुणीसुद्धा नवी आणत नसत.

"वाडी थंड जाता," भाई उठला. "चला."

परसात केळीच्या पानावर वाडी ठेवली. वडे, सांबारं, भात, खीर, भोपळ्याची भाजी. सगळी ओळीने हात जोडून उभी राहिली. भाईने घसा साफ केला, आणि वर्षभर साठवलेला त्याचा आवाज माडांच्या शेंड्यांपर्यंत गेला.

"हे बा पूर्वजानू, आज म्हाळाच्या दिसाक तुमची लेकरां एका जाग्यार जमली आसत. गोड-अळणी जां काय केलां आसा तां मानून घेवा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चुकलां-माकलां पदरात घालून पोराबाळांक, गुराढोरांक सुखी ठेवा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासून सगळ्यांत खणखणीत 'व्हय म्हाराजा' सदानंदाचं असे. पुढे सिमेंट आलं, परवाना आला, पण आवाज तोच राहिला. डोळे मिटलेले, मान किंचित डोलतेय. गाऱ्हाण्याला एक लय असते, आणि त्या लयीत माणूस शब्द ऐकत नाही, फक्त 'म्हाराजा' ऐकतो.

"लेकरान ह्या पंधरवड्यात पूर्वजांक पाणी देवचां, ही तुमचीच रीत. तर आख्ख्या शहराक पाणी देवचां काम आज दारात इलां आसा, तेका पक्षाचो दोष लागू देव नुको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मथुरेने डोळे उघडले. भाईचे मिटलेलेच होते.

"लवून सड्यार चिरे काडूचे, मथुरेन खाडयेर चुनो भाजूचो, सदानंदान आपल्या सहीन टाकी बांदूची, आणि भट्टी इकूचो इचार जो कोण करता हा तेना तो हयच सोडूचो. ह्येका तुमी साक्षी ऱ्हवा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सदानंदाचा होता. शेजारच्या वाडीपर्यंत गेला असेल. मग त्याचे डोळे उघडले, आणि तोंड मिटायचं राहून गेलं.

"भाई, ह्यां बरां नाय," तो म्हणाला. "मी सवयीन म्हटलंय."

"मी काय तुज्या तोंडात शब्द घालूक नाय."

"मगे मी मागे घेतंय."

"घे. पण तो माका दिललो नाय, तेंका दिललो आसा." भाईने वाडीकडे बोट दाखवलं. "थय उबो ऱ्हव आणि मागे घेतंय म्हणान सांग."

सदानंदाने पानाकडे पाहिलं. एवढ्यात कावळा येऊन एक वडा उचलून गेलाही होता. त्याला या वादात काही रस नव्हता. लवूला हसू आवरेना, म्हणून तो खोकायला लागला. सदानंद पूर्वजांसमोर दोन पावलं गेला, उभा राहिला, आणि काही न बोलता पाय धुवायला वळला. या वेळी तो पाय खूप वेळ चोळत होता.

पंगत बसली. मथुरा वाढत होती. भाई आपल्या बाजूने उभा राहिला याचा तिला इतका आनंद झाला होता की वाढता वाढता तिने त्याच्या पानात चौथा वडा टाकला, आणि तो खाली मान घालून मुकाट खात राहिला. पण सदानंदाच्या पानापाशी आल्यावर तिचा हात थांबला. भावाला असं कोंडीत पकडून मिळालेलं तिच्या घशाखाली उतरेना.

"सदा," ती म्हणाली, "मनातसून नसात तर सही करू नुको. पूर्वजांक काय सांगूचां तां मी सांगीन. भट्टी गेली तर गेली. पण तू तोंड पाडून बांदलेली टाकी माका नुको."

सदानंदाने मान वर केली नाही. खिरीत बुडवलेलं बोट त्याने पानाच्या कोऱ्या कडेवर ठेवलं आणि एक रेघ ओढली. मग तिच्या शेजारी दुसरी, खाली लांब आणि वर जवळ येणारी.

"भिंत तळाक रुंद होयी," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "पाण्याचो जोर खालीच येता. वर जाता तशी बारीक केली तरी चलात." मग जरा थांबून, "आक्का, तयार चुनो कितको आसा?"

"दोनय कुंडां भरून. पावसाच्या आदी भिजत घातललो. कोणी घेवक नाय म्हणान मुरान मुरान लोण्यासारो झालोहा."

"इतको मुरललो?"

"हात घालून बघ येवन."

"आतल्या अंगाक सिमेंटचो एक पातळ थर तरी होयोच हां."

"घाल. सिमेंट काय माजी सवत नाय."

शुभदा पहिल्यांदा हसली, मग लवू, आणि शेवटी सदानंदही. पानं उचलायच्या आधी खिरीच्या रेघांवर मुंग्या आल्या होत्या, पण तोपर्यंत टाकी त्याच्या डोक्यात उभी राहिली होती. दुपारभर तो आणि लवू सड्यावर दोरी घेऊन फिरले, मथुरेने चुना आणि वाळू किती लागेल ते सांगितलं, आणि दिवेलागणीच्या आत शुभदाने आपल्या वळणदार अक्षरात सगळं पक्कं करून दिलं. सदानंदाने सही केली ती भाईसमोर बसून. भाईने ती बघितलीसुद्धा नाही. त्याचं या वर्षीचं बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका तिथे जात नसत. मथुरा व्हरांड्यातल्या बाकावर बसली, खिडकीच्या अगदी जवळ. थोड्या अंतरावर रेडीचे शंकरशेट छत्री मांडीवर आडवी ठेवून बसले होते. ते जागेच्या उत्तरासाठी आले होते, आणि ते उत्तर कोणाकडून घ्यायचं याबद्दल त्यांच्या मनात काही शंका नव्हती. मथुरेकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि परत छत्रीकडे पाहू लागले.

आत पहिलं पाकीट फुटलं. घाटावरच्या ठेकेदाराचा आकडा वाचून अध्यक्ष खुर्चीवरून पडले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तोच आकडा परत वाचला. सभागृहात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "संपलां. आता विहिरीच उपसा."

मग तोंडवळकरांचं पाकीट. अध्यक्षांनी आकडा वाचला आणि थांबले. मंजूर रकमेच्या आत. नुसता आत नाही, थोडं शिल्लक ठेवून आत. मथुरेने पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं की बोटं दुखायला लागली.

जिल्ह्याहून आलेले इंजिनिअर समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी आराखडा सावकाश पाहिला. "तोंडवळकर, चिरे आणि चुना? हल्ली कोणी असं करत नाही."

"साहेब, हल्लीच्या भावाला आपल्या गावाला पाणीही कोणी देत नाही," सदानंद उभा राहून स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाला. "सिमेंट मिळालं तर महाग, न मिळालं तर काम बंद. दगड जागेवरचा आहे, चुना आमच्या खाडीचा आहे. त्यांचे भाव कोल्हापुरात ठरत नाहीत. भिंतीची जाडी मी दुप्पट धरली आहे. आतून सिमेंटचा थर आहे. टाकी भरून बघा, पाणी उतरलं तर बिल देऊ नका."

"आणि चुन्याची हमी? तो चांगला मुरलेला आहे हे कोण सांगणार?"

मथुरा बाकावरून पुढे झुकली.

"माझी थोरली बहीण," सदानंद म्हणाला. त्याचा आवाज खणखणीत होता. "भट्टी तीच चालवते. बाहेर बसली आहे. चुन्याविषयी तिच्या आधी मी बोलणं बरोबर नाही."

शिपाई बोलवायला येईपर्यंत ती उठून उभीच होती. डोक्यावरून पदर घेऊन ती आत गेली, आणि इतक्या पुरुषांच्या नजरांसमोर तिला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. भट्टीची आच याहून कडक असते.

"चुना कधीचा आहे, बाई?" इंजिनिअरनी विचारलं.

"पावसाच्या आदीचो, साहेब. तुमी आजच भट्टीर येवन हात घालून बघा. माजो चुनो तोंडान सांगूचो नाय, बोटान बघूचो."

इंजिनिअर हसले. "येतो. चुना बोलतात तसा निघाला आणि टाकी भरून तपासायची अट मान्य असली, तर माझी हरकत नाही."

पुढचं कोणाला नीट ऐकूच आलं नाही. बाकं वाजली, कोणीतरी सदानंदाच्या पाठीवर थाप मारली, आणि दोन सभासद पहिला नळ कोणाच्या वाडीत बसणार यावरून तिथल्या तिथे भांडायला लागले. खिडकीबाहेर लवू कोणाकोणाला सांगत होता की खड्ड्याची कल्पना मूळची त्याची. शुभदा शाळा सुटल्यावर धावत आली होती. तिने सगळ्यांसमोर मथुरेचा हात धरला आणि सोडलाच नाही. मथुरेला रडू येत होतं आणि ते लपवावं असं वाटत नव्हतं.

व्हरांड्यात शंकरशेट वाट बघत उभे होते. "सदानंदराव, काम मेळलां, बरां झालां. मगे जागेचां कसां? आजच पक्कां करूया."

सदानंद ओशाळला. "शेटनू, माजी चूक झाली. जागा देवचो मी कोण? भट्टी आक्काची आसा. तिकाच इचारा."

शंकरशेट वळले. आतापर्यंत मांडीवर, काखेत, हातात अशी फिरणारी छत्री त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि मथुरेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बोला बाई."

रात्रभर पडल्या पडल्या मथुरेने या माणसाला द्यायची उत्तरं जुळवली होती, सगळी तिखट. आता त्यातलं एकही तिला लागेना. राग उरलाच नव्हता, आणि डोक्यात सारखा एकच विचार चालला होता, की एवढी मोठी टाकी एका भट्टीने व्हायची नाही.

"जागा इकूची नाय, शेटनू," ती म्हणाली. "पण तुमच्या होडये हयसून माल घेवन रेडीक जातत, त्यो परत येताना रिकामीच येतत मां?"

"येतत."

"मगे येताना खुबे भरून हाडा. माका दुसरी भट्टी घालूची आसा. आमच्या खाडयेतले आता पुरूचे नाय."

शंकरशेट धंदेवाला माणूस. जागा गेली म्हणून कपाळाला हात लावून बसणारा नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हाडूया की. भाव काय देतलास?"

सवयीने सदानंदाने तोंड उघडलं. मग ते मिटलं, एक पाऊल मागे सरला, आणि आक्काकडे बघत राहिला.

मथुरेने भाव सांगितला.